कोथरूडमध्ये कुत्या: युक्रेनी नाताळची संध्याकाळ पुण्यात कशी मांडावी

आई युक्रेनची आणि बाबा पुण्याचे, अशा घरातल्या मुलांना ‘तू नक्की कुठली?’ ह्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेऊ नका. त्यांना काम द्या. मला आईने खसखस वाटायला बसवलं होतं, आणि तिच्या देशाबद्दलच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा ते जास्त टिकलं. आता माझा मुलगा वाटतो. वर्षातून एक संध्याकाळ पुरते: नाताळच्या आदल्या दिवशीची, स्व्यात वेचिर.

तारीख आधी ठरवून टाका, नाहीतर नातेवाइकांत वाद होतो. माझ्या लहानपणी जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ही संध्याकाळ ६ जानेवारीला यायची आणि दुसऱ्या दिवशी सणाला आम्ही दप्तर घेऊन शाळेत. २०२३ साली युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स आणि ग्रीक कॅथलिक, दोन्ही चर्चनी नाताळ २५ डिसेंबरला आणला. तिथली सरकारी सुट्टीही त्याच वर्षी बदलली. म्हणजे आता बेत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. घरातली युक्रेनी आजी जुन्या तारखेवर अडून बसली तर मात्र मुकाट्याने ऐका, कारण स्वयंपाक तिलाच येतो.

जिन्नस पुण्यात मिळेल तो घ्या, पण नियम तिकडचाच ठेवा. बारा पदार्थ, आणि एकातही मांस, अंडं, दूध, लोणी नाही. माझ्या इकडच्या आजीला हे ऐकून हायसं वाटलं होतं, तूपही चालत नाही हे कळेपर्यंत. मासा चालतो, तिकडे कार्प किंवा हेरिंग असतो. खाणाऱ्यांनी रोहू घ्यावा, तोही कार्पच्याच कुळातला. आमच्या ओट्यावर मासा येणं शक्य नव्हतं आणि त्यावाचून काही अडलं नाही.

पहिला घास कुत्याचा, म्हणजे गहू, खसखस आणि मधाच्या गोड पदार्थाचा. नावाला मुलं हसणारच, हसू द्या. एक वाटी कांडून टरफल काढलेला खपली गहू घ्या, आपल्या गव्हाच्या खिरीला लागतो तोच. मार्केट यार्डात सहज मिळतो. दाणा आख्खा हवा, भरडलेला नको. निवडायला मुलांना बसवा. आईच्या आजीने पोल्तावाकडच्या गावात १९३२-३३ चा होलोदोमोर काढला होता. सोव्हिएत सरकारने खेड्यांतलं धान्य उचलून नेलं आणि लाखो माणसं भुकेने मेली. आमच्याकडे खाली सांडलेला दाणा उचलतात तो त्यामुळे. मुलाला हे मी गहू निवडता निवडताच सांगितलं. समोर बसवून सांगितलं असतं तर तो पळाला असता.

खपली रात्रभर भिजवा, तिप्पट पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या आणि मग दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. दाणा फुलायला हवा, पण गिचका नको. पाणी निथळून पसरून गार करा.

खसखस अर्धी वाटी. उकळतं पाणी ओतून दोन-तीन तास झाकून ठेवा, निथळा, आणि चमचाभर साखर घालून पांढरं दूध सुटेपर्यंत वाटा. तिकडे हे आतून खरबरीत असलेल्या मातीच्या भांड्यात लाकडी दांड्याने घोटतात. आपला पाटा-वरवंटा त्याच कामाचा. मिक्सरमध्ये खसखस नुसती भांड्याच्या कडेला जाऊन बसते, त्यामुळे लहान भांडं घ्या आणि थांबून थांबून फिरवा. तिकडची खसखस निळसर करडी असते, पण ती मागवायच्या फंदात पडू नका. कुणी दुबईमार्गे येत असेल तर मुळीच नाही. तिथे खसखस बाळगणं गुन्हा आहे.

आता गहू, खसखस, मूठभर भाजलेले अक्रोड, मनुका एकत्र करा आणि तीन-चार चमचे मध घाला. मध गहू गार झाल्यावरच. घट्ट वाटलं तर उझ्वारने सैल करा. उझ्वार म्हणजे सुक्या फळांचं पाणी: सुकी सफरचंदं, जर्दाळू, आलुबुखार उकळून झाकून ठेवायचे. धुरावर वाळवलेल्या पेअरचा वास इथे मिळत नाही. त्याची हळहळ आई दरवर्षी करते. आणि गूळ, वेलची, जायफळ, तूप, दूध यांतलं काहीही कुत्यात घालायचं नाही. घातलंत तर छान गव्हाची खीर होईल, ती श्रावणात करा.

बाकीचं भराभर. बोर्श्चसाठी, म्हणजे बिटाच्या सुपासाठी, बीट तेलावर परतताना चमचाभर व्हिनेगर घाला, रंग टिकतो. तेल सूर्यफुलाचं; २०२२ च्या युद्धाआधी भारतात येणारं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनचंच होतं. वरून शेपू, भरपूर. मंडईत जुडी मिळते आणि शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी मुलंही बोर्श्चमध्ये तो खातात. वारेनिकीची, म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्यांची, पारी मैदा, मीठ, गरम पाणी आणि थोड्या तेलाची, सारण बटाटा आणि लालसर परतलेला कांदा. दिवाळीत करंज्यांना मुरड घालणाऱ्या माणसाकडे हे काम द्या. उकळत्या पाण्यात वर आल्या की दोन मिनिटांनी काढा. कोबीच्या पानांत भात-मशरूम, आंबवलेला कोबी, घेवडा, बीट-अक्रोड असं करत आकडा गाठा. मटार तिकडच्या पानातही असतो, म्हणून आजीची मटार उसळ आमच्या बारांत बसली आणि आता आई तिच्याशिवाय टेबल मांडत नाही.

टेबलक्लॉथखाली थोडा पेंढा, चार कोपऱ्यांत लसणाच्या पाकळ्या. तिकडे गव्हाची पेंढी उभी करतात, पण डिसेंबरात आपला गहू हिरवा असतो. मुळशीकडे ओळख असेल तर भाताच्या लोंब्या आणा. एक ताट गेलेल्यांचं. हे समजावताना आईने बरीच तयारी केली होती, आजी म्हणाली, “पान वाढायचं ना, मग वाढ की.” हे ताट रात्रभर टेबलावर राहतं, म्हणून परातीत पाणी घालून त्यात वाटी उपडी ठेवा आणि ताट वाटीवर, आपल्याकडे मुंग्या आहेत.

पुण्यात त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुलांना गच्चीवर पाठवा. पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नाही. बरेचदा तो शुक्र निघतो, आम्ही चालवून घेतो.

जेवणाआधी मुलांनी कुत्या आजी-आजोबांकडे पोचवायची असते. तिकडे गावात नातलग असतात, इथे सोसायटी आहे, तेव्हा शेजारी धरा. स्टीलचा डबा द्या आणि झाकणावर फ्लॅट नंबर लिहा, म्हणजे तो परत येतो. दार उघडताच ‘अंडं नाहीये ना?’ असं विचारतात; मुलाला ‘दूधसुद्धा नाही’ एवढं सांगायला शिकवून पाठवा.