मेकॅनिकला फोन लावण्याआधी: छोट्या फ्रिजच्या बाबतीत या चुका टाळा

फ्रीजरमधला बर्फ सुरीनं खरवडू नकोस, हे आईनं मला किमान वीस वेळा बजावलं असेल. एकविसाव्या वेळी आई गावाला गेली होती. पाहुणे बाहेर येऊन बसलेले, कुल्फीचे साचे बर्फात रुतलेले आणि माझ्या हातात भाजी चिरायची सुरी. बारीकसा ‘फुस्स’ आवाज आला आणि इतकी वर्षं निमूट चाललेल्या फ्रिजचं त्या दुपारी कपाट झालं.

एका दाराच्या फ्रिजमध्ये, म्हणजे दुकानदार ज्याला ‘डायरेक्ट कूल’ म्हणतात त्यात, फ्रीजरची पेटी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असते. थंडावा देणाऱ्या गॅसची वाट त्या पत्र्याच्या दोन थरांमध्येच असते. आपण बर्फ खरवडतो असं आपल्याला वाटतं, पण खाली पापुद्र्याएवढा पत्रा आणि त्याखाली लगेच गॅस. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे. असा ‘फुस्स’ तुमच्याकडे झालाच, तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी बंद करा आणि काही वेळ कुठल्याही बटणाला हात लावू नका.

बर्फ काढायची रीत सोपी आहे. थर अर्धा सेंटीमीटरच्या आसपास झाला की नॉबच्या मधोमध असलेलं डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं, फ्रीजर रिकामा करायचा आणि सोडून द्यायचं. बर्फ वितळला की फ्रिज आपोआप सुरू होतो. घाईच असेल तर प्लग काढून कोमट पाण्याचं भांडं आत ठेवा. मीठ मात्र टाकू नका, ॲल्युमिनियमला ते खातं.

आता नॉबवरच्या आकड्यांबद्दल. १ ते ७ हे आकडे म्हणजे तापमान नव्हे; बहुतेक फ्रिजांत आकडा वाढला की थंडावा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यात आपण तो ७ वर नेतो आणि विसरतो. मग कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच घेत नाही, फ्रीजरभोवती बर्फ साचत जातो आणि तो बर्फ गोधडीसारखा काम करतो: फ्रीजरचा गारवा फ्रीजरपाशीच राहतो, खाली पोचत नाही. खालचं दूध नासलं की आपण म्हणतो, ‘फ्रिज थंड करत नाही’. खात्री करायची असेल तर पेलाभर पाण्यात फ्रिजचा थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ५ अंशांच्या खाली दिसायला हवं. (तापाचा थर्मामीटर वापरू नका. तो सुरूच ३५ अंशांच्या आसपास होतो.)

या फ्रिजात पंखा नसतो, ही गोष्ट आपण विसरतो. गार हवा जड, ती वरून खाली उतरते. कोमट हवा वर जाते. एवढ्यावरच सगळा कारभार चालतो. जाळीचे कप्पे असतात ते त्यासाठीच. आणि आपण काय करतो? बाजारातून फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या मॅट आणून प्रत्येक कप्प्यावर अंथरतो. वरच्या कप्प्यातली कोथिंबीर गोठून काळी पडते आणि खालच्या ट्रेमधली मेथी सडते. मॅट हव्याच असतील तर काठाला चार बोटं जागा मोकळी सोडा. डबेही मागच्या भिंतीला टेकवून कोंबू नका.

फ्रिजच्या अंगावरची झूल हा असाच प्रकार. पूर्वी पाठीमागे काळ्या नळ्यांची जाळी असायची, आता अनेक मॉडेलांत त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून बाजूला हात लावला की गरम लागतं. तो बिघाड नाही. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्यावर रेक्झिनचं कव्हर घातलं किंवा फ्रिज मॉड्युलर किचनच्या खोबणीत घट्ट बसवला, की ती उष्णता जाणार कुठे? पाठीमागे आणि बाजूंना साधारण १० सेंटीमीटर तरी जागा असू द्या.

दाराच्या रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेनं होते. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर रबर ठीक, अलगद सुटून आली तर हवा तिथूनच आत जाते. चारही बाजूंनी बघा, विशेषतः खालचा कोपरा. सांडलेलं दूध नि लोणच्याचं तेल तिथेच चिकटतं. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की निम्म्या घरांत काम होतं. रबर वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन बोटांनी सरळ करा. दिवा दार लावल्यावर विझतो का हेही एकदा पाहा: मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि दार लावा.

लाइट गेली आणि लगेच आली, की फ्रिज ‘टक’ करून गप्प बसतो, थोड्या वेळानं पुन्हा ‘टक’. घाबरू नका. बंद झाल्यावर आतला दाब सारखा व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसरला जोर पडतो आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा भाग, त्याला बंद करतो. प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हाही हेच होतं. तिथे टाइम डिलेवाला, म्हणजे लाइट आल्यावर थोडं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर हवाच. नीट व्होल्टेज असूनही ‘टक टक’ थांबत नसेल तर आधी रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, तपासायला सांगा. लगेच नव्या कॉम्प्रेसरला हो म्हणू नका.

फ्रिजखाली पाणी येत असेल तर आतल्या मागच्या भिंतीपाशी पाणी जायचं भोक शोधा. कढीपत्त्याचं एखादं पान अडकलेलं असतं. सुई काढलेल्या सिरिंजनं कोमट पाणी सोडा, वाट मोकळी होते. तेच पाणी मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जमतं, आणि पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं घरात आली की तो ट्रे बघायला मागतात. डेंगीचा एडिस डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्याचा एक दिवस ठरवून ट्रे घासून कोरडा करा.

हल्ली खोलीत किंवा गाडीत ठेवायला पेटीएवढे मिनी फ्रिज मिळतात आणि नाशिकची वाइन ठेवायला काही जण छोटे वाइन कूलर घेतात. यातल्या बऱ्याच यंत्रांत कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिअरची चकती असते: वीज दिली की तिची एक बाजू गार होते, दुसरी गरम. ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाते. नागपूरच्या ४५ अंशांत तिच्याकडून दूध टिकवायची अपेक्षा धरू नका. एसीच्या खोलीत तीच चकती वाइनला लागणारे १२-१४ अंश सहज देते. तक्रार असेल तर आधी मागचा पंखा पाहा. धुळीनं जाम झालेला असतो.

एवढं सगळं करूनही फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरत असेल आणि कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नसेल, तर गॅसचा संशय खरा असू शकतो. मेकॅनिक म्हणेल, ‘गॅस संपलाय, भरून देतो.’ फ्रिजचा गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती कुठे आहे ते दाखव, ती बुजव, गॅसच्या वाटेवरचा फिल्टर बदल, व्हॅक्यूम कर (म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढ) आणि मग भर, असं स्पष्ट सांगा. माझ्या वेळी त्याला शोधायची गरज पडली नाही. सुरीची खूण समोरच होती.