नागपुरात दोघांसाठी किरायाचं घर: दुपारी दोनला बघायला जा

घर बघायला दुपारी दोन वाजता जा. सकाळी सगळीच घरं गार आणि हवेशीर वाटतात. आम्ही आमचं पहिलं घर डिसेंबरात, सकाळी दहाला पाहिलं. वरचा माळा, मोठी गच्ची, पश्चिमेला दोन खिडक्या. तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. एप्रिलच्या अखेरीस रात्री अकराला भिंतीला तळहात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी धग येत होती. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून डोक्यावर आणखी एखादा माळा आहे का आणि झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला आहे का, हे सगळ्यात आधी पाहा.

लगेच कूलरचा विचार करा. खिडकीबाहेर स्टँड बसेल का, त्यासाठी ग्रिल काढायला घरमालक तयार आहेत का, प्लग आणि नळ जवळ आहे का? कूलरची हवा बाहेर पडायला समोर दुसरी खिडकीही हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. नळ जवळ नसेल तर बादल्या वाहाव्या लागतात. आम्ही एक पूरा उन्हाळा वाहिल्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळ किती वाजता येतो हे घरमालकांना विचाराच, पण शेजारच्या काकूंनाही विचारा. त्या खरं सांगतात. खालच्या आणि वरच्या माळ्याची टाकी एकच आहे का, मोटर कोण लावतं, आजूबाजूचे लोक लाईनवर टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी ओढणारी छोटी मोटर, लावतात का? पंप लावत असतील तर तुमच्या नळाला धार राहणार नाही. शहराच्या दक्षिण टोकाला बेसा, बेलतरोडीकडे घरं नवी आणि ऐसपैस मिळतात. तिथे मात्र बोअर आहे की टँकर, आणि टँकरचे पैसे कोण देतं, हे आधी ठरवून घ्या. तळमजला घेत असाल तर भिंतीच्या खालच्या भागावर ओलीच्या रेषा आहेत का ते वाकून पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. नाला किती जवळ आहे, हे पावसाळ्याआधीच बघून ठेवायचं.

कुठल्या भागात राहायचं ते दोघांच्या नोकऱ्यांवर ठरवा, एकाच्या नाही. एकाची नोकरी विमानतळाजवळच्या मिहानला आणि दुसऱ्याची हिंगणा एमआयडीसीत असली की ओढाताण होतेच. मेट्रोची एक मार्गिका खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, दुसरी लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरकडे, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. ज्याला रात्री उशीर होतो, त्याला स्टेशनवरून घरी पायी येता यावं असं घर शोधा. ते अंतर अंधार पडल्यावर एकदा चालून पाहा.

आता पैसे. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, पहिला किराया, दलाल असेल तर बहुधा एका महिन्याची त्याची दलाली, सामानाचा टेम्पो आणि कूलर. किमान पाच महिन्यांच्या किरायाएवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय घरं बघायला निघू नका. आधीचं एखादं लाईट बिल मागून घ्या. महावितरणच्या बिलावर आधीच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातला मे महिना बघा, म्हणजे उन्हाळ्याचा अंदाज येईल. सब-मीटर, म्हणजे घरमालकांच्या मीटरखाली तुमच्यासाठी लावलेला वेगळा मीटर, असेल तर युनिटचा दर काय लावणार, ते लिहून घ्या.

आडनावाबद्दल घरं बघायच्या आधीच दोघांनी बोलून घ्या. हे लिहिताना अजूनही गळा दाटतो, पण लिहायलाच हवं. एका घरी फोनवर सगळं ठरलं होतं. दारात गेल्यावर आधी माझं आडनाव विचारलं, मग ह्यांचं. मग "घरी विचारून सांगतो". दुसऱ्या दिवशी कळवलं की घर गेलं. पुढे दीड महिना त्या फाटकावर "किरायाने देणे आहे"ची पाटी तशीच होती. त्यानंतर आम्ही ठरवलं की आडनाव, नोकरी आणि जेवणखाण पहिल्या फोनवरच सांगायचं. घरं हातची जातात. पण लपवून घेतलेल्या घरात अकरा महिने दबून राहण्यापेक्षा आम्हाला हेच बरं वाटलं.

करारनामा नोंदवलेलाच हवा. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आधार कार्ड आणि अंगठा असला की हे काम ऑनलाइन, घरबसल्या होतं. करारात दोघांचीही नावं घाला, म्हणजे पत्त्याचा पुरावा दोघांनाही मिळतो. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगरंगोटीचा खर्च कोणाचा, सोडताना किती आधी सांगायचं, या तीन ओळी कागदावर आणा. काका-काकू कितीही मायेचे असले तरी आणा. पोलीस ठाण्यातली भाडेकरूची नोंद झाली का, तेही विचारून घ्या.

किल्ली मिळाली की सामान उतरवण्याआधी मीटरच्या आकड्याचा, भिंतींवरच्या डागांचा आणि गळक्या नळांचा फोटो काढा आणि तिथेच उभं राहून घरमालकांना पाठवा. मग टेम्पोवाल्याला आवाज द्या. माठ सगळ्यात शेवटी उतरवा, फुटतो.