किनाऱ्याच्या खुणांवर होडी हाकारायला कसं शिकावं?

मालवण बंदराच्या तोंडाशी, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक आहेत. तिथले तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, त्यातून होडी काढतात ती नजर जमिनीवर ठेवून. ही विद्या शिकता येते, पण सगळी कोकणपट्टी एकदम शिकायला जाऊ नका. एकच खाडी धरा, आणि सुरुवातीचे महिने जाणत्या तांडेलासोबतच जा.

आधी भरतीचं गणित

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती, आणि तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे येते, त्यानंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्याच दिवसांत उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते, म्हणून छापील भरती-कोष्टकाशी ताडून बघा.

मग खुणा जुळवा

सगळ्या विद्येचं मर्म इथे आहे. किनाऱ्यालगतची एक खूण आणि तिच्या मागे, दूर आणि उंचावर दुसरी खूण निवडा. समजा, पुढे देवळाचा कळस आणि मागे डोंगरावरचा एकटा वड. दोन्ही एकावर एक दिसतात तोवर तुम्ही एका सरळ रेषेवर आहात, मग प्रवाह कितीही ओढो. खुणांच्या रोखाने येताना कळस वडाच्या डावीकडे सरकला, तर होडी उजवीकडे वाहवली आहे; डावीकडे वळवा. पुढची खूण जिकडे जाईल तिकडे आपण जायचं, एवढं लक्षात ठेवा.

ही रेषा निर्धोक आहे हे तांडेलाकडून पक्कं करून घ्या. भिंतीचा रंग, होर्डिंग, नांगरलेली होडी या खुणा धरू नका, त्या बदलतात. आडव्या दिशेला दुसरी जोडी जुळवलीत, तर जिथे दोन रेषा छेदतात तिथेच तुम्ही आहात. माशांच्या जागाही अशाच लक्षात ठेवतात.

जोडी मिळाली नाही तर होकायंत्राने दोन-तीन ठळक जागांच्या दिशा घ्या आणि डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या नकाशावर त्या रेषा ओढा. होकायंत्राजवळ मोबाईल किंवा कोयता ठेवू नका, सुई फिरते.

तळ हाताने बघा

दोरीला शिशाचं वजन बांधा आणि प्रत्येक वावेवर, म्हणजे सुमारे १.८ मीटरवर, गाठ मारा. वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात साबण दाबून भरा. वर ओढल्यावर साबणाकडे नीट बघा: काळा चिखल चिकटलाय, शिंपल्याचा चुरा आहे, की नुसता ओरखडा उठलाय? ओरखडा म्हणजे खाली खडक. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की हा साबणच तुम्हाला जागा सांगतो.

वेगासाठी नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, लाकडाचा तुकडा टाका आणि तो मागच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा मीटरच्या होडीला पाच सेकंद लागले, तर वेग सुमारे चार नॉट, म्हणजे ताशी चार सागरी मैल. हा वेग पाण्यातला आहे; प्रवाहाचा हिशोब वेगळा धरायचा.

रात्री

दीपगृहांची उघडझाप वेगवेगळी असते. सेकंद मोजा आणि नकाशाशी ताडा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. हात ताठ धरला तर मूठ साधारण दहा अंशांची भरते. मुंबईला ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर दिसतो, मालवणला त्याहून तीन अंश खाली. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो अंधारातही किनाऱ्याची बाजू सांगतो.

प्रत्येक फेरीची वही ठेवा: तिथी, वारा, खुणांचं चित्र, तळ. आधी आपली जागा वहीत लिहा आणि मगच जीपीएस उघडून फरक बघा.