सांता फेच्या लोककला बाजारात कारागिराचे मदतनीस होताना

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे येथे २००४ पासून, २०२० चा अपवाद सोडता, दर वर्षी जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय लोककला बाजार भरतो. २०२३ पासून तो रेलयार्ड पार्कमध्ये असतो. निरनिराळ्या देशांतून निवडून आलेले कारागीर तेथे आपला माल स्वतः विकतात आणि त्यांच्या मदतीला मोठ्या संख्येने स्वयंसेवक लागतात. अमेरिकेत शिकत असताना मी तेथे कच्छमधील अजरखपूरच्या एका कापडछपाई कारागिराच्या, म्हणजे आमच्या चाचांच्या, स्टॉलवर मदतनीस होते.

हिंदी बोलता येते एवढ्या भांडवलावर मी उभी राहिले. परंतु पहिल्याच तासात एका बाईंनी ओढणीची किंमत इतकी का, असे विचारले, तेव्हा ‘हाताने छापली आहे’ यापलीकडे मला काही सांगता येईना. चाचांनी ती ओढणी उलटी करून बाईंच्या हातावर पसरली. दोन्ही बाजूंना तीच नक्षी होती, रेषेवर रेष बसलेली. मग ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत मांडत गेले: कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढावे लागते, डिंक आणि चुन्याने छापलेली जागा रंग धरत नाही, काळा रंग भंगार लोखंड आणि गूळ अनेक दिवस आंबवून तयार होतो, निळा नीळीचा असतो, आणि दर टप्प्यामागे धुणे व वाळवणे असतेच. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या जुन्या छपाईच्या गावाचे पाणी रंगकामाला योग्य राहिले नाही, म्हणून अनेक कुटुंबांनी अजरखपूर वसवले, हेही मला तेथेच कळले. बाईंनी ओढणी घेतली. म्हणूनच नव्याने जाणाऱ्यांना माझा आग्रह आहे की, बाजार सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी कारागिराजवळ बसून सगळी प्रक्रिया त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. दोन दुपट्टे एकदम घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी न विचारता १० डॉलर कमी सांगितले. चाचांनी माझा शब्द मोडला नाही, मात्र संध्याकाळी शांतपणे म्हणाले, “बेटा, कापड धुणाऱ्यांची मजुरी यातूनच द्यायची असते.” भाव कमी करण्याचा अधिकार फक्त कारागिराचा असतो. विचारणा झाली की मागे वळून त्याला विचारावे, मग गिऱ्हाईक थांबो वा न थांबो.

बाकी तयारी सोपी आहे. सांता फे सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्याने दम लागतो, तेव्हा पाणी सतत प्यावे. जुलैत दुपारी अचानक सर येते, म्हणून कापडावर टाकायला प्लास्टिक हाताशी असावे. मीटरच्या मापाशेजारी इंचांचे माप लिहून ठेवावे. विद्यार्थी व्हिसावर असाल तर विनामोबदला कामाबद्दलही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावे; पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांनी तर व्हिसाचे नियम तपासल्याशिवाय नाव नोंदवूच नये.

शेवटच्या संध्याकाळी, उरलेला माल बांधताना, लोकांनी काय मागितले आणि आपल्याकडे नव्हते, हे चाचांनी विचारले. पुढच्या हंगामाची छपाई त्यांना त्यावर ठरवायची होती आणि माझ्याकडे पहिल्या दिवसाची एकही नोंद नव्हती. तुम्ही मात्र स्टॉल उघडल्यापासूनच खिशात एक लहान वही ठेवा आणि मागितलेला रंग, लांबी, कापड सुती की रेशमी, एवढे तरी गिऱ्हाईक वळताच लिहून घ्या.