रेडियम कटिंगचं माप चुकतंय? या चुका टाळा

बोर्डाची पट्टी 1000 मिमीची आणि कापून आलेलं नाव 997. अशा वेळी बहुतेक जण थेट सॉफ्टवेअरमधली स्केल, म्हणजे माप लहान-मोठं करणारा आकडा, बदलतात. पहिली चूक हीच. कटिंग प्लॉटरचं, म्हणजे संगणकावरून रेडियम कापणाऱ्या मशीनचं, माप सगळ्यात शेवटी लावायचं. आधी ब्लेड, दाब आणि रोलची पकड जागेवर हवी, नाहीतर आज लावलेलं माप उद्या पुन्हा हलतं.

ब्लेड गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलेलं असतं. साध्या व्हिनाइलला (चिकट प्लास्टिकच्या रोलला) 45 अंशाचं ब्लेड लावा. टोक होल्डरबाहेर जेमतेम 0.2 मिमी दिसलं तरी पुरे. दाब 80 ग्रॅमपासून सुरू करा आणि 10-10 ग्रॅमने वाढवत न्या. दर वेळी चाचणीसाठी एक छोटा चौकोन कापा. तो सोलल्यावर मागच्या कागदावर पुसट ओरखडा दिसला पाहिजे, कागद चिरता कामा नये. रेघ तुटक येत असेल तर दाब वाढवण्याआधी ब्लेडखालची पांढरी पट्टी बघा. तिला चर पडले असतील तर दाब कितीही वाढवा, रेघ तुटकच येणार. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या ट्रॉल्यांना लागणारी रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे उजेडात चमकणारी, शीट जाड असते. तिला 60 अंशाचं ब्लेड लावा आणि वेग निम्म्यावर आणा.

खरी गंमत ऑफसेटची आहे. ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं. ते अंतर मशीनला सांगावं लागतं, 45 अंशाच्या ब्लेडला सहसा 0.25 मिमी. आकडा कमी पडला तर कोपरे गोल होतात, जास्त झाला तर कोपऱ्याला शिंग फुटतं. आपल्याकडे बेळगाव भागात एकाच फलकावर कन्नड आणि मराठी अशा दोन लिप्या असतात. कर्नाटकात कन्नड भाषा कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीनंतर फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो, त्यामुळे मराठी अक्षरं लहान होतात आणि ऑफसेटची चूक तिथेच आधी उघडी पडते. म्हणून नुसत्या चौकोनावर भागवू नका. कन्नडमधला गोल 'ठ' (ಠ) आणि मराठी 'म', दोन्ही 20 मिमी उंचीचे कापा. 'ठ'चं वर्तूळ सुरुवातीच्या बिंदूवर बंद झालं आणि शिरोरेषेखालचे 'म'चे कोपरे टोकदार आले, तर ऑफसेट बरोबर. असे लहान तुकडे 100 मिमी प्रति सेकंदाच्या आत कापा.

मराठी नाव कर्व्हमध्ये (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषांमध्ये) बदलून वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच करायला, विसरू नका. जवळजवळच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात. वेल्ड नसेल तर ब्लेड प्रत्येक जोडावर आडवं कापतं आणि सोलताना शिरोरेषेचे तुकडे होतात. दोष मशीनच्या मापाला दिला जातो, चूक फाईलमध्ये असते.

आता माप. होल्डरमध्ये पेन बसवा, ऑफसेट शून्य करा. रोलच्या लांबीच्या दिशेने 1000 मिमीची आणि आडवी 500 मिमीची रेघ मारा. स्टीलच्या पट्टीने मोजा, कापडी टेप ताणतो. प्रत्येक रेघ तीनदा मारा. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला तर स्केलला हात लावू नका: रोल घसरतोय. रोल वरून दाबणारे पिंच रोलर, रोल पुढे-मागे ओढणाऱ्या दातेरी रोलरच्या बरोबर वर आहेत का, रोलरवर गोंद-धूळ बसलीय का, आणि मागे रोल सैल सोडलाय का, एवढं तपासा. तिन्ही आकडे सारखे आले तरच हिशेब करा. 1000 ऐवजी 997 आले तर 1000 भागिले 997, म्हणजे 1.003. ही स्केल. मशीनमध्ये आधीच 1.002 असेल तर तो पुसून 1.003 टाकायचा नाही, दोन्ही गुणायचे, म्हणजे साधारण 1.005.

फक्त लांबीतच फरक असेल तर पकडीचा किंवा जाडीचा प्रश्न. दोन्ही दिशांना सारख्याच पटीत आणि मोठा फरक असेल तर ड्रायव्हरमधलं युनिट चुकलंय. एचपीजीएल या प्लॉटरच्या आज्ञाभाषेवर चालणाऱ्या मशीनला 1 मिमीत 40 युनिट लागतात. त्यानंतर 500 बाय 500 चा चौकोन काढा. दोन्ही कर्ण 707 मिमी यायला हवेत. एक मोठा, एक छोटा आला तर रोल तिरका चढलाय.

पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते. बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत रोलच्या मागचा कागद ओलावा धरतो, कडा उचलतात आणि मेमध्ये लावलेलं माप जुलैत जुळत नाही. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभा ठेवा, कापण्याआधी काही तास मशीनच्याच खोलीत उघडा. स्केलचे आकडे प्रत्येक जातीच्या रोलसाठी वेगळे लिहून मशीनच्या झाकणाला चिकटवा.