पंच म्हणून पुढे जायचे असेल, तर या चुका टाळा

इंदूरच्या क्रिकेटची गोष्ट निघाली की होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा जिंकलेला रणजी करंडक हमखास आठवतो. परंतु याच शहरातील नरेंद्र मेनन आणि नितीन मेनन हे पितापुत्र दोघेही आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि नितीन २०२० मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे जगातील अव्वल पंचांच्या यादीत, गेले, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. आपल्या मराठी घरांतील मुलेही आता पंच परीक्षेला बसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र नियम तोंडपाठ असूनही मैदानावर गडबड होते, आणि तिचे मूळ बहुधा वृत्तीत असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे भरपाईचा निर्णय. एखाद्या फलंदाजाला आपण चुकीचे पायचीत दिले अशी शंका मनात घर करते आणि पुढच्या अपीलला, चेंडू सरळ मधल्या यष्टीवर जात असतानाही, बोट वर जात नाही. त्यामुळे पहिली चूक दुरुस्त होत नाही, दुसऱ्या संघावर मात्र नवा अन्याय होतो. शिवाय खेळाडूंच्या हे तत्काळ लक्षात येते आणि त्यानंतर ते प्रत्येक चेंडूवर दबाव आणू लागतात. निर्णय बदलायचाच असेल, तर तो तत्परतेने बदलण्याची मुभा क्रिकेटच्या नियमावलीतील कायदा ३१ देतो. ती वेळ निघून गेली की तो चेंडू संपला असे मानून पुढचा चेंडू कोऱ्या मनाने पाहावा. हे सांगायला सोपे आहे. अंगवळणी पडायला काही हंगाम जातात.

दुसरी चूक धावबादच्या वेळी दिसते. गोलंदाजाच्या टोकाचा पंच यष्ट्यांमागेच खिळून राहतो, त्यामुळे बॅट आणि क्रीज (खेळपट्टीवरची आखलेली रेषा) यांमधले अंतर त्याला दिसतच नाही. चेंडू ज्या बाजूला मारला गेला, साधारणपणे त्याच बाजूला चटकन सरकून क्रीज डोळ्यांसमोर आडवी येईल असे उभे राहावे आणि फेक येताना स्थिर व्हावे. बॅट केवळ रेषेवर टेकली असेल तर फलंदाज क्रीजच्या आत धरला जात नाही, आणि यष्ट्यांवरची बेल (छोटी आडवी दांडी) नुसती हलली म्हणजे यष्टी मोडली असेही नव्हे. या दोन्ही गोष्टी धावत असताना नीट टिपता येत नाहीत.

अपीलच्या आवाजाला बळी पडणे ही चूक सर्वांना ठाऊक आहे. तिची उलट बाजू, म्हणजे ठामपणा दाखवण्यासाठी जोरदार अपील मुद्दाम फेटाळणे, तितकीच वाईट आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

सहकाऱ्याला विचारणे म्हणजे कमीपणा, ही समजूतही सोडावी. झेल जमिनीला टेकला की नाही हे स्क्वेअर लेगच्या, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला उभ्या असलेल्या, पंचाला अधिक स्वच्छ दिसले असण्याची शक्यता असेल, तर विचारणे हे कायद्याला धरूनच आहे. विचारूनही शंका उरली, तर फलंदाज नाबाद.

सामन्यानंतर कर्णधार तावातावाने आला, तर आपण काय पाहिले ते एका वाक्यात सांगावे आणि वाद वाढवू नये. घरी गेल्यावर खटकलेल्या निर्णयाचे षटक, आपली जागा आणि नजर नेमकी कुठे होती हे वहीत लिहावे. पुढच्या सामन्यापूर्वी ते पान सहकारी पंचासोबत बसून वाचावे.