अ‍ॅम्प प्रोटेक्टला का जातो? साऊंड लावताना या चुका टाळा

गणेशोत्सवाच्या पहिल्या दोन दिवसांत हमखास फोन येतो: "दादा, अ‍ॅम्प प्रोटेक्टला जातोय. बंद करून ठेवला की परत चालतो." म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला आवाज तोडतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एका चॅनेलला (अ‍ॅम्पच्या एका आउटपुटला) किती बॉक्स, म्हणजे स्पीकर, लावलेस? उत्तर येतं, चार.

घोळ तिथेच आहे. ओहम म्हणजे बॉक्सचा करंटला होणारा विरोध. 8 ओहमचे दोन बॉक्स पॅरललमध्ये लावले की 4 ओहम होतात, चार लावले की 2. बॉक्सच्या मागे दोन सॉकेट असतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात वायर ओढत जाणं सोपं वाटतं. पण दर बॉक्सगणिक अ‍ॅम्पवरचा करंट वाढतो. अ‍ॅम्पच्या मागे 'किमान 4 ओहम' लिहिलं असेल तर 8 ओहमचे दोनच बॉक्स लावा. ब्रिजचा, म्हणजे दोन्ही चॅनेल जोडून एकच लोड चालवण्याचा, हिशेब आणखी कडक आहे, कारण तिथे प्रत्येक चॅनेलला लोडचा अर्धाच ओहम दिसतो. 8 ओहमचा बेसचा एक बॉक्स ब्रिजवर लावला तर दोन्ही चॅनेलवर 4-4 ओहम पडतात. ब्रिजमध्ये स्पीकॉनची (स्पीकरच्या वायरच्या कनेक्टरची) जोडणी बहुतेक अ‍ॅम्पवर 1+ आणि 2+ अशी असते. आधी मागचा छापील आकृतीचा तक्ता बघा, मग वायर खोचा.

दुसरा गैरसमज नॉबचा. "नॉब अर्ध्यावर होता, तरी ड्रायव्हर (बॉक्समधला आवाज काढणारा भाग) कसा उडाला?" अ‍ॅम्पचा नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी-जास्त करतो. मिक्सरने जोर लावला की अर्ध्या नॉबवरही पूर्ण वॅट बाहेर पडतात. क्लिपचा, म्हणजे सिग्नल अ‍ॅम्पच्या मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा ठोक्यावर क्षणभर लुकलुकला तर चालतं. पेटूनच राहिला तर मिक्सर खाली घ्या. क्लिप झालेल्या सिग्नलची सरासरी ताकद वाढते आणि हायच्या (तीव्र स्वरांच्या) ड्रायव्हरची नाजूक कॉईल आधी जळते. पोरं "अजून वाढव" म्हणत गराडा घालतील. तेव्हा नाही म्हणायचं.

आता विजेचं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर हळदीच्या रात्री जनरेटरचा न्यूट्रल ढिला होता. एका फेजवर हॅलोजन, दुसऱ्यावर माझा साऊंड. न्यूट्रल सुटला आणि हलका लोड असलेल्या माझ्या फेजवर व्होल्टेज 230 वरून कितीतरी वर गेलं. दोन अ‍ॅम्प एका क्षणात गेले. ते पैसे फेडायला मला अख्खा लग्नाचा सीझन लागला. तेव्हापासून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजल्याशिवाय मी प्लग लावत नाही, आणि हॅलोजन पेटवून पुन्हा मोजतो.

चालू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी. बंद करताना अ‍ॅम्प आधी.

स्पीकरच्या वायरवर पैसे वाचवू नका. 1 चौरस मिलिमीटरची 20 मीटर वायर जाऊन-येऊन जवळपास 0.7 ओहम होते. 4 ओहमच्या लोडवर स्पीकरला मिळणारी ताकद त्यामुळे पाव हिश्शाहून जास्त घटते. 2.5 ची वायर घेतली तर हे नुकसान निम्म्याहून कमी होतं.

घूं असा आवाज येतोय म्हणून अर्थिंगची पिन काढणारे अजून भेटतात. कृपया असं करू नका, बॉडीला करंट उतरला तर माणूस जातो. पावसाळ्यात ओल्या गोदाघाटावर तर हा जिवाशीच खेळ आहे. मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावरून घ्या. तरी घूं राहिलं तर सिग्नलच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

मिरवणुकीचा गुलाल आणि रस्त्याची धूळ पंख्याच्या जाळीत बसते, हीटसिंक तापतो आणि अ‍ॅम्प गरम होऊन बंद पडतो. विसर्जनानंतर फोमची जाळी धुऊन पूर्ण वाळवा, आत ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

फ्यूज उडाला तर मोठा टाकू नका. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प असेल तर 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा. बल्ब भडकून मंदावला तर ठीक, भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एसएमपीएसवर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असलेल्या अ‍ॅम्पवर) हा प्रयोग नको, तो मेकॅनिककडे द्या. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढूनही कपॅसिटर चार्ज असतात हे लक्षात ठेवा.

दुरुस्त होऊन आलेल्या अ‍ॅम्पला थेट स्पीकर लावू नका. इनपुट रिकामं ठेवून आउटपुटच्या प्लस-मायनसमध्ये डीसी मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट आले तर चालतील. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर अजून गेलेलाच असू शकतो, अ‍ॅम्प तसाच मेकॅनिककडे परत न्या.